खालच्या फळीलाही दिले

नांदेड,
मंगळवार

तीर्थरूप केवळाआत्या यांना तनुजाचा साष्टांग नमस्कार.

(नमस्कार रीत म्हणून लिहिला आहे. तो मनापासून केला आहे असा समज करून घेऊ नये.)

तुमचे गुडघे कसे आहेत? बीपीची गोळी वेळेवर घेता ना? डोळ्यांत थेंब टाकता ना? घेत असाल आणि टाकतही असाल, कारण जिने बत्तीस वर्षं अंगणवाडीत अख्ख्या गावाच्या लेकरांना डोस पाजले तिला डोस चुकवणं म्हणजे काय हेच ठाऊक नसतं, हे मला आता चांगलंच कळलं आहे. तुमची तब्येत ठणठणीत असावी अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण पुढचं पत्र वाचायला माणूस धडधाकट लागेल. माझं विचाराल तर डोकं तापलेलं आहे, घास गिळत नाही, आणि परवा विभागातल्या एका मुलीने नुसतं पेन मागितलं तर मी तिच्यावर एवढी ओरडले की ती रडत बाहेर गेली. तिची मी माफी मागितली. तुमची मागणार नाही.

फोन असताना पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुमच्याशी भांडता येत नाही म्हणून. गेल्या आठवड्यात तीनदा लावला. तिन्ही वेळा तुम्ही आधी विचारलंत, जेवलीस का. मी नाही म्हणाले. मग का नाही, खोलीत ज्वारीचं पीठ आहे का, पिठाला जाळं तर लागलं नाही ना, मेसवाली वरणात काय पाणीच वाढते का, अशी दहा मिनिटं गेली. शेवटी मी गॅसवर भात चढवायला उठले आणि भात होईपर्यंत मी कशासाठी फोन केला होता ते माझंच मला आठवेना. एकदा मात्र विचारायचं ते विचारून झालं, त्याबद्दल पुढे लिहिते. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, एवढा एकच फायदा मला दिसला.

तर आधी मी काय करते ते शेवटचं सांगते. (चाकूरच्या लग्नात तुम्ही बायकांच्या पंगतीत सांगितलंत म्हणे, आमची तनू नांदेडला अळ्यांची बाळंतपणं करते. दादांनी मला हे हसत हसत सांगितलं. माझ्या वडिलांना यात हसण्यासारखं काय वाटलं कुणास ठाऊक, पण सख्ख्या बहिणीची बाजू घ्यायची म्हटल्यावर त्यांना काहीही चालतं.) मी पीएच.डी. करते, आत्या. रेशमाच्या अळीवर करते. माणसाला मुद्दाम जंतू देऊन तो जगतो की मरतो हे बघता येत नाही (आमच्या मार्गदर्शकांकडे, म्हणजे रामलिंग सरांकडे बघून कधी कधी इच्छा होते, पण कायदा आडवा येतो), म्हणून ते अळीवर बघायचं. अळीच्या अंगातही जंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात. तुतीच्या पाल्यावर क जीवनसत्त्वाचं पाणी शिंपडून तो पाला तिला खाऊ घातला तर त्या पेशी जास्त नेटाने लढतात का, एवढाच माझा प्रश्न. या एवढ्याशा प्रश्नात माझी सात वर्षं गेली, दोन स्थळं गेली, आणि केसांचं काय झालं ते तुम्ही बघितलंच आहे. आता तिसरी मुदतवाढ चालू आहे. ती पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला संपते, आणि त्या दिवशी प्रबंध टेबलावर नसेल तर माझी नोंदणी रद्द होते. सात वर्षं वाया. हे तुम्हाला माहीत होतं. माहीत असूनही तुम्ही जे केलंत ते केलंत.

उत्तर मिळवायला दोन गट लागतात. वरच्या फळीवर दोनशे अळ्या, त्यांना जीवनसत्त्वाचा पाला. खालच्या फळीवर दोनशे, त्यांना साध्या पाण्याचा पाला. मोठ्या झाल्या की सगळ्यांना सारखेच जंतू द्यायचे. खालच्या मेल्या आणि वरच्या जगल्या तर जीवनसत्त्वाने काम केलं असं म्हणता येतं. खालच्या मरायलाच हव्यात, आत्या. हे ऐकायला वाईट वाटतं हे मला कळतं, पण त्या मेल्याशिवाय वरच्यांच्या जगण्याला विद्यापीठात कुणी विचारत नाही. (आणि आता रागातच सांगते, जगलेल्यांनाही आम्ही नंतर कापूनच बघतो. हे तुमच्यापासून मी लपवलं होतं.)

आता त्या सहा दिवसांचं. विभागातला एसी उन्हाळ्यापासून बंद, म्हणून अळ्या माझ्या खोलीत कूलरसमोर. लातूरच्या ज्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते तिथे परीक्षेची ड्युटी लागली. आला नाहीत तर पुढच्या वर्षी तास नाहीत, असा निरोप. अळ्या कुणावर टाकायच्या? विभागातले शिपाई देविदासराव अळीला हात लावत नाहीत, त्यांना शिसारी येते. आई म्हणाली, केवळावन्संना बोलव, त्यांच्या हातून एक लेकरू कधी दगावलं नाही. मला ते पटलं. माझं चुकलं ते तिथेच. तुम्ही आलात, पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि वजनकाटा घेऊन. (वजनकाटा कशाला, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.) मी सगळं मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलं. वरच्या फळीला बाटलीतलं शिंपडून, खालच्या फळीला माठातलं शिंपडून. तीनदा वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, हाव. मग थोड्या वेळाने विचारलंत की खालच्यांना काहीच नाही का. मी म्हटलं, नुसतं पाणी. त्यावर तुम्ही पदराने हात पुसत राहिलात, आणि तुम्हाला समजलं असं मी समजले.

सहाव्या दिवशी संध्याकाळी परत आले तर अळ्या अशा माजलेल्या की बघत राहावं. पांढऱ्याशुभ्र, टपोऱ्या, दोन्ही फळ्यांवरच्या. खोली झाडलेली, फळ्या पुसलेल्या, कोपऱ्यात उदबत्तीसुद्धा लावायची ठेवलेली (लावली नाहीत एवढी कृपा). काही अडचण आली का म्हणून विचारलं तर तुम्ही म्हणालात, काही न्हाई, सगळे पोटभर जेवले. सगळे. हा शब्द माझ्या कानावरून गेला आणि मी तुमच्या पाया पडले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तुम्ही गेलात. बसस्टँडवर मी तुम्हाला चहा पाजला. तो चहा मला अजून डाचतो आहे.

मग विभागात नेऊन चारशे अळ्यांना जंतू दिले आणि पाच दिवस थांबलो. वरच्या फळीच्या दोनशेंपैकी एकशे एक्याऐंशी जगल्या. छान. खालच्या दोनशेंपैकी एकशे अठ्ठ्याहत्तर जगल्या. गेल्या साली चाचणीच्या खेपेत खालच्या पन्नाससुद्धा उरल्या नव्हत्या. सर म्हणाले, जंतू मेलेले असणार. जंतू मेलेले म्हणजे कुणीतरी फ्रीजचं बटण बंद केलेलं असणार, आणि कुणीतरी म्हणजे आमच्याकडे नेहमी देविदासराव असतात. मी त्यांना सगळ्यांसमोर नको ते बोलले. त्या माणसाची दोन वर्षांनी निवृत्ती आहे, आत्या. ते तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, माझ्या टेबलावरची धूळसुद्धा पुसली नाही. मग तेच जंतू एका शेतकऱ्याकडून आणलेल्या वीस अळ्यांना देऊन बघितले. वीसच्या वीस दोन दिवसांत काळ्या पडल्या. म्हणजे जंतू ठणठणीत होते आणि देविदासराव निर्दोष.

पुढचे दोन दिवस तर मला आठवले तरी लाज वाटते. जंतू चांगले, तरी खालच्या मेल्या नाहीत, म्हणजे आपल्या हाती काहीतरी नवीन लागलं असं सरांच्या मनाने घेतलं. नांदेडच्या हवेत आपोआप काटक झालेली अळी. सरांनी विभागप्रमुखांना सांगितलं, विभागप्रमुखांनी पेढे मागवले, मी नवी ओढणी घेतली. सर मला म्हणाले की शोधनिबंधाच्या मथळ्यात नांदेडचं नाव यायला हवं. मीसुद्धा मान डोलावली, कारण सात वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे कौतुकाने बघत होतं आणि मला ते आवडलं होतं.

मग आकडे संगणकावर चढवायला मी खोलीतलं रजिस्टर उघडलं. माझ्या रकान्यांत तुम्ही तापमान नीट भरलं होतंत, म्हणून मी पुढे बघितलंच नव्हतं. आता पान उलटलं, तर मागच्या कोऱ्या पानांवर तुम्ही पट्टीने रेघा मारून आपलं वेगळं अंगणवाडीचं रजिस्टर आखलेलं. हजर लाभार्थी, गैरहजर, डोस दिला, डोस नाकारला, शेरा. लाभार्थी! पहिल्या दिवशीचा शेरा: "वरच्या फळीला दिले. खालची फळी बघत होती." दुसऱ्या दिवशी: "खालच्या फळीलाही दिले. त्यांनी काय पाप केले. एकूण लाभार्थी ४००, नाकारले निरंक. बोटाला शाई लावली नाही, लाभार्थ्यांना बोट नाही." चौथ्या दिवशी: "औषध संपले. सबब लिंबू पिळून पाण्यात दिले. सर्वांना सारखे." पाचव्या दिवशी: "लिंबू बाधले नाही. शी नियमित. वजनात वाढ." सहाव्या दिवसाखाली तुमची सही, आणि सहीखाली हुद्दा, अंगणवाडी सेविका (सेवानिवृत्त).

मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. काटक अळी गेली, पेढे गेले, वरची फळीसुद्धा गेली, कारण बाटलीतल्या मोजून केलेल्या जीवनसत्त्वाच्या जागी तुम्ही शेजारच्या अंगणातलं लिंबू पिळलं होतंत. खालच्यांना देऊन तुम्ही अर्धा प्रयोग बुडवलात आणि लिंबू पिळून उरलेला अर्धा. अळीला नीट दिसतसुद्धा नाही हो. उजेड आणि अंधार कळतो, तेवढंच. वरच्या फळीवर काय वाढलं हे खालच्या फळीला कळायला ती काय आपल्या भावकीतली आहे?

त्या दिवशी फोन लावला तो एकदाच सरळ मुद्द्यावर आला. तुम्ही कबूल केलंत, तेही ताठ मानेने. म्हणालात, "बाई, एका पंगतीत बसवून एकाच्या पानात तूप अन् दुसऱ्याच्या पानात पाणी, हे मपल्या हातून झालं न्हाई कधी. पहिल्या दिवशी केलं तुझ्यासाठी. दुसऱ्या दिवशी हातच उचलंना." मी म्हटलं, त्यांना कळत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "त्यायला न्हाई कळलं. मला कळून राहिलं होतं न." आणि वर विचारलंत, जेवलीस का.

आत्या, तुमची दया मला ठाऊक आहे. पण दया करायला तुम्हाला माझीच पंगत सापडली का? दुसऱ्याच्या सात वर्षांवर लिंबू पिळून माणूस चांगला होतो का? तुम्ही शांतपणे घरी गेलात, गावात तुमचं कौतुक झालं, आणि इथे सगळ्यांसमोर खाली मान घालून उभी मी. नवी खेप लावायची तर वेळ पुरणार नाही असं सर म्हणतात. मला तुमचा राग आला आहे, आणि तो दिवाळीपर्यंत जाईल असं वाटत नाही. दिवाळीला घरी आले तरी तुमच्या हातचं उटणं लावून घेणार नाही, हे आताच कळवते.

घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. तुमच्या वाट्याला यातलं काय येतं ते तुमचं तुम्ही ठरवा.

तुमची (नात्याने)
तनुजा

ता. क. सोबत एक टाइप केलेला कागद जोडला आहे. खरं म्हणजे हे पत्र त्याच्यासाठीच लिहिलं. त्यात लिहिलं आहे की मी, केवळाबाई, वय चौसष्ट, नजर अधू असल्याने रजिस्टरमध्ये चुकून नोंदी केल्या. प्रत्यक्षात डोस फक्त वरच्या फळीलाच दिला. खाली खुणेच्या जागी सही करा. मग मागची पानं रद्द धरता येतात, आणि खालच्या फळीचे आकडे गेल्या सालच्या चाचणीतून घेता येतात, असं रामलिंग सर म्हणतात. असं सगळीकडे चालतं, असंही ते म्हणतात. एवढी एक सही केलीत तर माझी सात वर्षं वाचतात आणि आपलं भांडण मिटलं असं मी समजेन. परतीचं पाकीट तिकीट लावून आत ठेवलं आहे.

ता. क. (शुक्रवार) पत्र तीन दिवस टेबलावर पडून आहे. सही करू नका. कागद मी पाकिटातून काढून घेतला आहे, त्यामुळे तुम्हाला तो दिसणारही नाही, पण वर लिहिलेलं खोडत नाही. तुम्ही वाचावं म्हणूनच खोडत नाही. झालं असं की आकडे भरायला बसले आणि खालच्या फळीपुढे "मृत १५३" लिहिलं. त्यांतल्या बावीस सोडल्या तर बाकी सगळ्या जगल्या होत्या. त्या मी मोजल्या होत्या, एकेक करून, चिमट्याने. मग तुमच्या सहा पानांशेजारी माझी जुनी पानं ठेवून बघितली. तुमच्या नोंदी रोजच्या रोज, कधी निळ्या पेनाने, कधी काळ्या, एकदा पेन्सिलने, लिंबू पिळलं तेही कबूल. माझ्या पानांत मी तापाने पडून होते ते चार दिवस आहेत, दिवाळीच्या सुट्टीचा आठवडा आहे, आणि त्या सगळ्या दिवसांचं तापमान एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेलं आहे. तुम्ही खोटं लिहिलं असतंत तर मला पत्ताच लागला नसता, आणि नांदेडची काटक अळी आज छापायला गेली असती. सरांना मी नाही म्हणाले. ते म्हणाले, मग तुझं तू बघ. बघते. देविदासरावांचे पाय धरले, ते काल स्वतः जाऊन चॉकी केंद्रातून (तिथे अंड्यांतून काढलेल्या अळ्या थोड्या वाढवून विकतात) तयार अळ्या घेऊन आले, नाक दाबून, गाडीवर पुढे ठेवून. दहा तारखेला अठरा दिवस आहेत. अळ्यांना सोळा लागतात. दोन दिवसांत प्रकरण लिहायचं. जमेल की नाही माहीत नाही.

ता. क. (रविवार) हे पत्र पोस्टाने न पाठवता देविदासरावांच्या हाती देते आहे, त्यांची लेक तुमच्या चाकूरलाच दिली आहे. बुधवारी सकाळच्या गाडीने या. वजनकाटा आणू नका. लिंबू तर अजिबात आणू नका. माझा राग गेलेला नाही, उलट त्यात भर पडली आहे, आणि ती अशी: काल दुपारी वरच्या फळीला बाटलीतलं शिंपडून झालं, खालच्या फळीला साधा पाला टाकायला घेतला, आणि माझा हात थांबला. सात वर्षांत कधी थांबला नव्हता. बाटलीत अजून अर्धं शिल्लक होतं आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं. हे तुम्ही माझं काय करून ठेवलं आहे, आत्या, याचा जाब मी तुम्हाला समोर विचारणार आहे. तुम्हाला काहीही शिंपडायचं नाही, फळ्यांना हातसुद्धा लावायचा नाही. दोन्ही फळ्यांचं मीच करेन. तुम्ही फक्त रजिस्टर घेऊन दारात बसायचं, माझ्या हाताकडे बघत राहायचं, आणि मी खालच्या फळीला काही दिलंच, तर तसं लिहून ठेवायचं.